बातमी येईपर्यंत मांडे

दुसऱ्याच्या संकटात कसं शिरावं हे अख्ख्या खानदेशात एकाच बाईला कळत होतं, आणि ती बाई माझ्या धाकट्या जावेची आत्या होती. आम्ही बाकीच्या सगळ्या संकटाच्या दाराशी चपला काढून, पदर डोळ्याला लावून, ‘कसं झालं हो’ म्हणत उभ्या असायचो, तोवर ही मागच्या दाराने स्वयंपाकघरात पोचलेली असे. गाव तिला अक्का म्हणे. मूळची शिंदखेड्याकडची, पण भाचा जळगावला जिनिंग कारखान्यात फिटर लागला आणि त्याच्या मागोमाग तीही पत्र्याची एक ट्रंक आणि मांडे भाजायचं एक खापर घेऊन आली. अंगाने काटकुळी, आणि आवाज असा की कारखान्याचा भोंगा बिघडला तर हिला गच्चीवर उभं करावं. ‘अरेरे’ हा शब्द मी तिच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. मयताच्या घरी गेली तर रडणाऱ्या बायकांच्या डोक्यावरून पाय टाकत ती थेट आत जाई आणि विचारी, “पाणी कोन भरस?” लोकांना हे उद्धट वाटे. संध्याकाळी हंडे भरलेले दिसले की तेवढं वाटत नसे.

एकदा एरंडोलला तिच्या चुलत दिराचं घर जळालं. माणसं वाचली, बाकी सगळं गेलं. आम्ही चार-पाच जणी बैलगाडीत बसून भेटायला निघालो. कोणी लुगडं घेतलं, कोणी नारळ, मी डाळ-तांदूळ. अक्काने कमरेला काय खोचलंय हे वाटेत माझ्या सासूबाईंनी पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. काडेपेटी! आगीच्या घरी ही बाई काडेपेटी घेऊन चालली होती. गाडी थांबवून ती फेकायला लावावी की काय, यावर म्हसावदपर्यंत वाद झाला. पोचून पाहतो तर अंगणात तीन दगडांची चूल मांडलेली, वर पातेलं, पातेल्यात कोणी दिलेली डाळ, खाली काटक्या, आणि घरची बाई हात जोडल्यासारखी चुलीपुढे बसलेली. एवढ्या आगीतून त्या घरात पेटवायला एक काडी राहिली नव्हती, आणि जळक्या घरी विस्तव द्यायला शेजारीण अशुभ म्हणून कचरत होती. अक्काने काडी ओढली. परतताना मी तिला विचारलं, “तुम्हाला हे सुचलं कसं?” ती म्हणाली, “सुचत नही माले. मी इचारस, नही ते देखस.” म्हणजे विचारते, नाही तर बघते. एरंडोलहून आगीचा निरोप घेऊन आलेल्या माणसाने आमच्या ओट्यावर बसून बिडीसाठी काडी मागितली होती. ते आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं.

विचारायची ही खोड मात्र सोसायला सोपी नव्हती. दारात गोसावी आला तर तुम्हीआम्ही मूठभर पीठ घालतो आणि दोघंही मोकळे होतो. अक्का पीठ बाजूला ठेवून आधी त्याची चौकशी करी. अशाच एका गोसाव्याने बेसावधपणे सांगितलं की बाकी काही नको, दाढ फार दुखते. तिने त्याला ओट्यावर बसवलं, दाढेला सुताचा फास घातला, दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलं आणि दार लावलं. दाढ आली. तो गोसावी त्यानंतर आमच्या गल्लीत कधी दिसला नाही, पण बाजारात भेटला की अक्काला लांबूनच नमस्कार करी. बाळंतिणीकडे गेली तर सगळ्या बायका बाळाभोवती; ही थोरल्या पोरीला हाताला धरून मोरीवर नेई आणि तिचं डोकं धुऊन, वेणी घालून परत आणी. दोन महिने त्या पोरीकडे कोणी पाहिलेलं नसे. मी स्वतः शिस्तीची बाई. याद्या करते, वेळेवर निघते, वेळेवर परत येते. अक्काबरोबर कुठे गेलं की यादी घरी ठेवून यावी लागे, आणि ते मला मुळीच आवडत नसे.

ज्या वर्षी जपानात तो मोठा भूकंप झाला, त्या वर्षी आमच्या महिला मंडळाची चिटणीस मी होते. वर्तमानपत्रात बातमी आली की शहरंच्या शहरं पडली, वर आगी लागल्या, लाखो माणसं उघड्यावर. दर हंगामात आमच्याकडचा कापूस गाठी बांधून जपानला जायचा, त्यामुळे जळगावात जपान हे नाव मुंबईइतकंच ओळखीचं. मंडळाने ताबडतोब सभा घेतली. मदत जमवायचं ठरलं, आणि आठ दिवसांत माझ्या ओसरीवर जळगावचा दानधर्म येऊन पडला. तो मी अजून विसरलेले नाही. चांगली लुगडी होती, नाही असं नाही, जुनी पण धड. त्याखेरीज एक लाकडी पाळणा, झाकण नसलेला तांब्याचा बंब, आमच्याच घरच्या वकिलांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, काळा डगला, एका पायाचे तीन बूट, कोणाच्या तरी लग्नातला मुंडावळ्यांचा डबा, आणि गावातल्या एका रावसाहेबांच्या बायकोने पाठवलेला शालू. शालूचा मधला भाग उंदरांनी खाल्लेला होता आणि काठ शाबूत होते. मी सगळ्याची नीट यादी केली. अक्का आली, ढिगाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “हाई बठ्ठं कोले पाहिजे शे?” म्हणजे हे सगळं हवंय कोणाला? मी म्हटलं, “जपानच्या लोकांना.” ती म्हणाली, “तू इचारं का?”

आता जपानला विचारायचं कसं! मी हसले. अक्का हसली नाही. तिने हात लांब करून समोर दाखवलं. रस्त्यापलीकडे कारखान्याचं आवार, आवारात कचेरी, कचेरीच्या माडीवर एक खोली, आणि त्या खोलीत एका जपानी कंपनीचा कापूस पारखणारा माणूस दर साली येऊन राही. हंगामाआधी पिकाचा अंदाज घ्यायला तो भाद्रपदातच येई. पस्तिशीचा, केस पातळ झालेला, बुटका, अतिशय स्वच्छ. बाजारातलं हिंदी बोले. गाव त्याला जपानी साहेब म्हणे. माझ्या ओसरीतून त्याची खिडकी सरळ दिसे. आठ दिवस त्या खिडकीकडे पाठ करून मी जपानला पाठवायच्या वस्तूंची यादी करत होते. हे लिहायला मला आवडत नाही, पण झालं ते असं.

अक्का गेली आणि तासाने परत आली. साहेबाचं घर पडलेल्या शहरांपैकीच एकात होतं. त्याची म्हातारी आई तिथे एकटी राहत होती. तारा तुटलेल्या. तो रोज सकाळी तार ऑफिसात जाई, दुपारी परत येई, आणि त्याच्याकडे स्वयंपाक करणारा आचारी सांगत होता की चार दिवस ताट जसंच्या तसं परत येतंय.

ही बातमी मी मंडळात सांगितली आणि सगळ्यांना फार वाईट वाटलं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या घरांतून त्या घरी पिठलं-भाकरी जाते. बिनफोडणीचं, साधं. इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात विचार करायचा असतो हेच कोणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सात जणी पितळी डबे घेऊन, हळू चालत, खाली मान घालून कारखान्याच्या आवारात शिरलो. सगळ्यांत पुढे मी. माडीच्या जिन्यावर, खालून तिसऱ्या पायरीवर अक्का बसली होती.

“डबामा काय शे?” तिने विचारलं.

“पिठलं आणि भाकरी,” मी म्हटलं.

“कोन मरनं?”

रावसाहेबांची बायको हलक्या आवाजात म्हणाली, “अहो, त्याची आई… एवढ्या भूकंपात… आता काय सांगायचं?”

“तार उनी का?”

“तार नाही आली, पण—”

“मंग?” अक्का उठून उभी राहिली. पुढचं ती इतक्या मोठ्याने बोलली की आवारातले हमाल थांबून पाहायला लागले. “तार नही, चिठ्ठी नही, आनि तुम्ही सात जनी मिळीसन त्यानी मायले मारी टाकं! ज्यानी माय जित्ती शे त्याना दारशी पिठलं काबरं आनं? लई जा घर!”

आम्ही सात डबे घेऊन आल्या वाटेने परत गेलो, आल्यापेक्षा बऱ्याच जलद. वाटेत रावसाहेबांची बायको म्हणाली की ही बाई मंडळात नाही हेच बरं. त्या दिवशी माझ्या घरी सर्वांनी दोन्ही वेळा पिठलंच खाल्लं.

दुपारी आवारातल्या लिंबाखाली अक्काचं खापर उपडं चुलीवर चढलं. पुरणाचे मांडे हे सणाचं, लेकी-जावयाचं जेवण. पोळी हातांवर फिरवत फिरवत सुपाएवढी करायची आणि तापल्या खापरावर अलगद टाकायची. जिल्ह्यात तो हात फार थोड्या बायकांना होता. साहेब खिडकीतून बघत होता. हातावर पोळी मोठी होत जाते हे पाहायला तो अर्धा जिना उतरला, मग पुरा उतरला, मग बाजेवर बसला. अक्काने ताट पुढे ठेवलं आणि आपल्याला येत होतं तेवढ्या हिंदीत विचारलं, “माँ क्या बनाती?” आई काय बनवते? तो बराच वेळ शोधत राहिला. त्याच्याकडे त्या पदार्थांना हिंदी शब्द नव्हते. मग हातांनी सांगायला लागला: एवढं भांडं, एवढा मासा, असा भात. सांगता सांगता मांडा खाल्ला. दुसरा खाल्ला. आचाऱ्याने मला हे नंतर सांगितलं तेव्हा तो स्वतःच डोळे पुसत होता, आणि मी त्याला सांगितलं की रडायला झालंय काय, माणूस जेवला.

त्या दिवसापासून तीन आठवडे त्या माणसाच्या ताटात दुखवट्याचं, बिनफोडणीचं जेवण आलं नाही. भरीत, शेवेची भाजी, कढी, पुरण. हळद भरपूर, मोहरी तडतडलेली. मंडळाच्या दोन बायका एका दुपारी आवारावरून गेल्या आणि माझ्याकडे येऊन सांगायला लागल्या की बिचारा जेवता जेवता इतका रडतो की बघवत नाही. मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, “रडत नही तो. मिरची शे.” तरी तिने दुसऱ्या दिवसापासून मिरच्या निम्म्या केल्या, आणि मग तो थोडा कमी रडायला लागला. थोडा राहिला तो मिरचीचा नसावा.

या जेवणांच्या आडून तिचं विचारणं चालूच होतं. तुमच्याकडे निजतात कशावर? खाली, भुईवर, कापसाच्या गादीवर. वर कापसाचंच जाड पांघरूण. थंडी कधी पडते? दोन महिन्यांत, आणि बर्फही पडतो. मग ज्यांची घरं गेली ते थंडीत काय पांघरणार? यावर साहेबाने नुसता हात हलवला. संध्याकाळी अक्का माझ्या ओसरीवर आली आणि म्हणाली, “वकीलीनबाई, गोधड्या.”

एकदा प्रश्न कळला की माझं काम सुरू होतं, आणि या बाबतीत मी कोणाला हार जाणार नाही. ढिगातली सगळी सुती लुगडी धुऊन वाळवली. कारखान्याच्या मालकाने मागल्या हंगामाचा उरलेला रुईचा ढीग दिला. माझ्या ओसरीवर रोज दुपारी बारा-पंधरा जणी बसून टाके घालू लागल्या, आणि लुगड्यांचे पदर आणि खानदेशची रुई यांच्या अशा गोधड्या झाल्या की मला माझ्या घरच्या पांघरुणांची लाज वाटली. लांबी किती ठेवायची यावर वाद झाला, तेव्हा अक्का सुंभ घेऊन गेली आणि साहेबाला कचेरीच्या फरशीवर आडवं निजवून डोक्यापासून पायापर्यंत मापून आली. त्याच वेळी दोन कारकून गाठींचे नमुने घेऊन आत आले. साहेबाने पडल्या पडल्याच नमुने पाहिले. पाळणा, बंब, बूट ज्याचे त्याला परत गेले. परत द्यायला मी जाणार होते, पण अक्का आधीच जाऊन आली. रावसाहेबांच्या वाड्यावर तिने शालू बाईंच्या हातात ठेवला आणि विचारलं, “बाई, तुना घरबी भूकंप व्हयना का?” तीन दिवस त्या बाई कोणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी दोन नवी कोरी लुगडी घेऊन माझ्या ओसरीवर आल्या आणि सुई मागितली. टाका वाईट घालत, पण रोज येत.

तार आली तेव्हा आम्ही सगळ्या शिवायलाच बसलो होतो. साहेब रस्ता ओलांडून आला तो नुसत्या मोज्यांनिशी, बूट न घालता. इतका टापटिपीचा माणूस, मोजे चिखलाने भरलेले. ओसरीच्या पायरीशी थांबला. हातात कागद होता. आम्ही पंधरा जणी सुया हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ते तोंड मला वाचता येईना. मग तो म्हणाला, “माँ है।”

सगळ्या एकदम बोलायला लागल्या, कोणी रडायला लागली, रावसाहेबांच्या बायकोच्या बोटात सुई घुसली. अक्का म्हणाली, “मी काय सांगे?” आणि मग ती मटकन खाली बसली आणि पाणी मागितलं. तिने कोणाकडे काही मागितल्याचं मी प्रथमच पाहत होते.

पुढचं सरळ होतं. आईचं घर गेलं होतं, ती एका शाळेच्या पटांगणात पत्र्याखाली राहत होती, आणि कंपनीने साहेबाला घरी जायला रजा दिली होती. मुंबईहून गाठी घेऊन निघणाऱ्या जहाजातच त्याची सोय होती. गोधड्या कोणत्या निधीकडे, कोणत्या कचेरीकडे पाठवाव्या हा माझा प्रश्न आपोआप मिटला. ज्या पटांगणात त्याची आई होती तिथल्याच माणसांना तो स्वतःच्या हाताने देणार होता. हंगामाआधी दाबयंत्र एकदा चालवून बघायचं होतंच. अक्काच्या भाच्याने सगळ्या गोधड्या त्यात घालून कापसासारख्या दाबल्या आणि लोखंडी पट्ट्या मारून त्यांच्या दोन गाठी बांधल्या. स्टेशनावर गाडीत चढताना साहेबाने आम्हां सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. अक्काला दोनदा. तिने त्याला फराळाची पुरचुंडी दिली आणि सांगितलं की पोचल्यावर आईला आधी जेवू घाल, मग रडा काय रडायचं ते.

टांग्यातून परत येताना आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, “अक्का, खरं सांगा. त्याची आई जिवंत आहे अशी तुम्हाला खात्री होती?”

“माले काय ठाऊक?” ती म्हणाली. “मी काय जपान देखेल शे?”

“मग आम्हाला जिन्यावरून हाकललंत ते?”

“त्याले खावाले लावनं व्हतं.” पदर सावरत ती पुढे म्हणाली, “माय मरी जाती, ते मंग पिठलं कराले कितला येळ लागस?”

तिच्या दारापाशी टांगा थांबला. ती आत गेली, आणि मला वाटलं ती झोपायला गेली, तर फडताळातून एक फडक्यात बांधलेली पुडी घेऊन बाहेर आली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “लई जा. तुना घरमा मानसं बरीच शेतस.” घरी येऊन सोडली तर आत पिठल्याचं बेसन. दोन शेर तरी असेल. ओल्या हवेत तीन आठवडे राहिल्याने त्याला जाळी धरायला लागली होती. म्हणजे आम्ही डबे घेऊन गेलो त्या सुमारालाच तिने ते दळून आणून ठेवलं असणार. रोज फडताळ उघडून, ते बघून, ते मागे सारून ती मांड्यांचं पुरण वाटायला घेत असणार.

मी ते उन्हात घातलं, दोनदा चाळलं, आणि त्याचे लाडू केले. थोडे तिच्याकडे पाठवले. तिने स्वतः खाल्ले की गल्लीतल्या पोरांना वाटले, ते मला कळलं नाही. आता ती नाही, आणि ते मी त्याच वेळी विचारून घ्यायला हवं होतं असं अधूनमधून वाटतं.